लेबर रूममध्ये एपिड्युरल: ज्ञानाची उजळणी करणाऱ्या परिचारिकांसाठी मार्गदर्शक

ओपीडी आणि सर्जिकल वॉर्डात बरीच वर्षे काढून मी पुन्हा लेबर रूममध्ये रुजू झाले, तेव्हा एपिड्युरल (पाठीत बारीक नळी टाकून कळांची वेदना कमी करणारी भूल) लावलेल्या बाईच्या शेजारी उभे राहून नेमके काय पाहायचे, हे कुणी एका ठिकाणी सांगत नव्हते. भूलतज्ज्ञ ती नळी, म्हणजे कॅथेटर, टाकून निघून जातात, प्रसूतितज्ज्ञ तपासून जातात, आणि पुढचे कित्येक तास त्या बाईजवळ आपणच असतो. मुंबईत नव्याने लेबर रूममध्ये आलेल्या किंवा माझ्यासारख्या परतलेल्या परिचारिकांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. एपिड्युरलने कळा थांबत नाहीत, कळांची वेदना तेवढी थांबते. लघवी तुंबली आहे, कळा फार जोरात येत आहेत, पिशवीचे तोंड पूर्ण उघडले आहे, पायाखाली काहीतरी टोचते आहे, हे सगळे एरवी वेदनाच आपल्याला कळवत असते. ती बंद झाली की हे सगळे आपल्या डोळ्यांनी आणि हातांनी शोधावे लागते. उजळणी करताना प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न विचारावा, की बाईला न जाणवणारे काय आहे आणि ते मला कसे कळेल.

१. आधी रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल हातात घ्या

पाठ्यपुस्तकाआधी हे करा, कारण परिचारिकेने काय करायचे आणि काय करायचे नाही याच्या सीमा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या आखलेल्या असतात. पंपाचा दर कोण बदलू शकते, बोलस (एकदम द्यायची जादा मात्रा) कोण देते, रक्तदाब किती खाली गेला की फोन करायचा आणि फोन लागण्याआधी कोणते औषध देण्याची स्थायी परवानगी आहे, हे शोधून काढा. लेखी आदेश नसेल तर एपिड्युरलच्या लाइनमधून काहीही देऊ नये. फोनवरून आदेश मिळाला तर तो परत वाचून दाखवावा, वेळेसह लिहावा आणि नंतर सही घ्यावी.

पुढील कागद आणि वस्तू कुठे आहेत ते पहिल्याच ड्युटीत पाहून ठेवा:

- मराठी, हिंदी आणि इंग्रजीतले संमतिपत्र
- एपिड्युरल निरीक्षण तक्ता आणि फेंटॅनिल या अफूवर्गीय वेदनाशामकाची नोंदवही
- २० टक्के लिपिड इमल्शन (भुलीचे औषध चुकून रक्तात गेल्यास द्यायचे) आणि त्याच्या मात्रेचा भिंतीवर लावलेला तक्ता
- फिनाइलएफ्रिन, इफेड्रिन किंवा मेफेंटरमिन, ॲट्रोपिन, ॲड्रेनॅलिन
- ऑक्सिजन, सक्शन, ॲम्बू बॅग, इंट्युबेशनचे साहित्य

लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ एका दिवसात तीन-चार ठिकाणी जातात. कॅथेटर टाकून ते निघाले आणि घोडबंदर रोडला अडकले, तर त्यांच्याऐवजी कोण येणार आणि किती वेळात येणार, हे ते जाण्याआधीच विचारून केस पेपरवर लिहून घ्यावे. माझे मत स्पष्ट आहे: बोलावल्यावर लगेच पोहोचणारे कुणी नसेल, तर एपिड्युरल चालू ठेवू नये आणि इन्चार्ज सिस्टरांनी हे वरिष्ठांना सांगायला कचरू नये.

२. शरीररचना कामापुरती पक्की करा

सुई पाठीच्या मणक्यांमधून लिगामेंटम फ्लेव्हम हा अस्थिबंध पार करून ड्युरा या आवरणाच्या अलीकडच्या जागेत थांबते. मज्जारज्जू प्रौढांमध्ये साधारण पहिल्या कंबरमणक्यापाशी संपतो, म्हणून सुई त्याच्या खाली, बहुधा एल ३-४ (तिसऱ्या आणि चौथ्या कंबरमणक्यांच्या मध्ये) किंवा त्याच्या आसपास टाकतात. दोन्ही कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा चौथ्या कंबरमणक्याच्या जवळून जाते, परंतु गरोदरपणात ती अंदाजापेक्षा वर पडू शकते.

पहिल्या अवस्थेतील वेदना टी १० ते एल १ या (टी म्हणजे छातीच्या, एल कंबरेच्या आणि एस त्रिकास्थीच्या भागातील) मज्जातंतूंमधून जातात, तर बाळाचे डोके खाली येऊन पेरिनियमवर (योनी आणि गुदद्वारामधल्या भागावर) ताण आला की त्या एस २ ते एस ४ मधून जातात. म्हणूनच चार तास शांत झोपलेली बाई शेवटी "खाली दुखतंय" म्हणू लागते. त्यात तिचा कांगावा नसतो आणि पंपही बिघडलेला नसतो. औषध खालच्या मज्जातंतूंपर्यंत पुरेसे पोहोचलेले नसते किंवा प्रसूती जवळ आलेली असते. बधिरपणा कुठपर्यंत पोहोचला ती पातळी मोजण्यासाठी टी १० म्हणजे बेंबी, टी ६ म्हणजे छातीच्या हाडाचे खालचे टोक आणि टी ४ म्हणजे स्तनाग्रे, एवढे तोंडपाठ असले की पुरते.

३. बाईची तयारी: रिपोर्ट, संमती आणि गैरसमज

प्लेटलेटचा रिपोर्ट पाहताना आकड्याआधी तारीख पाहा. मुंबईत पावसाळ्यात डेंग्यू आणि मलेरियाचे रुग्ण वाढतात आणि त्यांत प्लेटलेट झपाट्याने उतरतात, त्यामुळे तापाची बाई असेल तर मागच्या आठवड्याचा रिपोर्ट कामाचा नाही. प्लेटलेट ७०,००० च्या वर आणि इतर काही दोष नसेल तर बरेच भूलतज्ज्ञ एपिड्युरल द्यायला तयार असतात, मात्र निर्णय त्यांचाच. रक्त पातळ करणारी इंजेक्शने चालू आहेत का, शेवटचे किती वाजता घेतले आणि मात्रा किती होती, हे बाईला व नातेवाइकांना वेगवेगळे विचारा. एनॉक्सापॅरिन या अशा इंजेक्शनची प्रतिबंधक मात्रा असेल तर किमान १२ तास आणि उपचारात्मक मात्रा असेल तर किमान २४ तास जावे लागतात. कमी मात्रेच्या ॲस्पिरिनमुळे एपिड्युरल सहसा अडत नाही. टोचण्याच्या जागी संसर्ग, रक्त न गोठण्याचा दोष, भरून न काढलेला मोठा रक्तस्राव आणि बाईचा नकार ही नकाराची मुख्य कारणे होत.

संमती बाईची घ्यायची असते. दाराबाहेर सासूबाई "कण्यात सुई नको, आयुष्यभर पाठ धरते" म्हणत असल्या तरी त्यांना आदराने समजावावे, पण सही आणि निर्णय बाईचाच. कळा असह्य झाल्यावर कुणाला धड ऐकू येत नाही, म्हणून माहिती शक्य तितकी लवकर द्या. २०१८ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात) एपिड्युरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही आणि दीर्घकाळच्या पाठदुखीतही स्पष्ट फरक आढळला नाही. चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम लावून होणाऱ्या प्रसूतीचे प्रमाण जुन्या अभ्यासांत वाढलेले दिसले होते, ते २००५ नंतरच्या अभ्यासांत तसे दिसत नाही, कारण औषध आता बरेच पातळ वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या शिफारशींत मागणी करणाऱ्या निरोगी बाईसाठी एपिड्युरल हा पर्याय मान्य केला आहे. पिशवीचे तोंड अमुक सेंटिमीटर उघडल्याशिवाय देता येत नाही, ही जुनी समजूत आहे.

४. ट्रे आणि औषध

ट्रेमध्ये १६ किंवा १८ गेजची टुई सुई, कॅथेटर, फिल्टर, प्रतिकार जोखण्याची सिरिंज, पारदर्शक ड्रेसिंग आणि निर्जंतुक कापड लागते. शिरेतली लाइन जाड असावी आणि नीट वाहत असावी. सलाईनचा थेंब अडकत असेल तर आधी ती बदला.

औषधाचे गणित स्वतः करून पाहिल्याशिवाय सोडू नका. बुपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध. ०.५ टक्के बुपिव्हाकेन १० मिलि म्हणजे ५० मिलिग्रॅम. त्यात फेंटॅनिलची २ मिलिची एक अँप्युल, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, आणि ३८ मिलि नॉर्मल सलाईन मिळवले, की ५० मिलिच्या सिरिंजमध्ये ०.१ टक्के बुपिव्हाकेन आणि दर मिलिला २ मायक्रोग्रॅम फेंटॅनिल तयार होते. तुमच्याकडचे प्रमाण वेगळे असू शकेल, हिशेबाची रीत हीच. पंप बहुधा तासाला ८ ते १२ मिलिच्या दरम्यान चालवतात.

इथे दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे "हेवी" बुपिव्हाकेन. ते स्पायनलचे, म्हणजे थेट ड्युराच्या आत द्यायचे, डेक्स्ट्रोज मिसळलेले औषध असते, त्याचीही तीव्रता ०.५ टक्केच असते आणि कपाटात ते शेजारीच ठेवलेले असते. लेबल दोघींनी मोठ्याने वाचून मगच औषध भरावे. दुसरा सापळा जोडणीचा. एपिड्युरलसाठी न जुळणारे वेगळे कनेक्टर आता आंतरराष्ट्रीय मानकांत आले असले तरी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी साधेच लुअर कनेक्टर वापरात आहेत, म्हणजे शिरेतली सिरिंज एपिड्युरलला आणि एपिड्युरलची शिरेला सहज बसते. म्हणून लाइनला मध्ये कुठेही थ्री-वे (तिहेरी जोडणीचा नळ) नसावा, दोन्ही टोकांना "एपिड्युरल" असे लेबल असावे आणि औषध जोडताना बाटलीपासून पाठीपर्यंत बोट फिरवत जावे.

फेंटॅनिल १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येते. २०१४ च्या दुरुस्तीने रुग्णालयांना ते मिळवणे सोपे झाले असले तरी हिशेब ठेवण्यातून सुटका झालेली नाही. उरलेले औषध साक्षीदारासमोर टाकून दोघींच्या सह्या त्याच वेळी कराव्यात, ड्युटी संपताना नव्हे.

५. कॅथेटर टाकताना

तुमची जागा बाईच्या समोर. तिचे पाय स्टुलावर टेकलेले, हनुवटी छातीला, खांदे सैल आणि पाठ चिडलेल्या मांजरीसारखी बाहेर काढलेली, अशी स्थिती तिला करून दाखवा. कळ येण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगा, म्हणजे ते हात थांबवतील. "हलू नका" असे दरडावण्यापेक्षा "कळ येतेय, माझ्या खांद्यावर डोकं टेका, श्वास सोडा" असे म्हटले की बाई खरोखर स्थिर राहते.

कॅथेटर योग्य जागी आहे का ते पाहण्यासाठी आधी छोटा टेस्ट डोस देतात. त्यात बहुधा १.५ टक्के लिग्नोकेन ३ मिलि आणि १५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनॅलिन असते. मिनिटभरात नाडी २० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढली तर कॅथेटर शिरेत असल्याची शंका घ्यावी, पण कळेमुळेही नाडी वाढते, म्हणून टेस्ट डोस दोन कळांच्या मध्ये देतात आणि तुम्ही मॉनिटरवरून नजर हटवायची नसते. तीन ते पाच मिनिटांत पाय जड पडले तर कॅथेटर ड्युराच्या आत असू शकते.

त्वचेपाशी कॅथेटरची कितवी खूण आहे ते लगेच लिहा. एपिड्युरल जागा ५ सेंटिमीटरवर मिळाली आणि त्वचेपाशी १० ची खूण असेल, तर ५ सेंटिमीटर कॅथेटर आत आहे. हा आकडा पुढे प्रत्येक वेळी ड्युटी सोपवताना लागतो. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः वातानुकूलन नसलेल्या लेबर रूममध्ये, घामाने ड्रेसिंगची खालची कड उचलली जाते आणि बाई कूस बदलताना कॅथेटर थोडे थोडे बाहेर येते. पाठ पूर्ण कोरडी केल्यावरच ड्रेसिंग चिकटवले जाते आहे ना, ते पाहा.

६. पहिला अर्धा तास जागा सोडू नका

पहिल्या मात्रेनंतर आणि प्रत्येक मोठ्या बोलसनंतर दर ५ मिनिटांनी किमान १५ मिनिटे रक्तदाब घ्या, आणि बाळाचे ठोके किमान ३० मिनिटे सलग पाहा. बाईला कधीही सपाट उताणे झोपवू नये. डावी कूस किंवा उजव्या नितंबाखाली उशी असावी. ३० मिनिटांनंतरही आराम नसेल तर "थोडं थांबू या" न म्हणता भूलतज्ज्ञांना कळवावे.

रक्तदाब उतरला तर डाव्या कुशीवर वळवा, सलाईन जोरात सोडा, मदत बोलवा आणि प्रोटोकॉलप्रमाणे औषध द्या. मळमळ आणि "कसंतरीच होतंय" ही तक्रार बऱ्याचदा मशीनच्या आकड्याआधी येते. बाळाचे ठोके कमी झाले आणि ऑक्सिटोसिन चालू असेल, तर ते बंद करून पोटावर हात ठेवा, कारण वेदना झपाट्याने शमल्यावर गर्भाशय काही काळ फार आवळून राहू शकते. अंगाला खाज सुटणे हा फेंटॅनिलचा नेहमीचा परिणाम आहे. ती ॲलर्जी समजून घाबरू नये, मात्र पुरळ, सूज किंवा घरघर नाही याची खात्री करावी.

७. पुढचे तास: वेदनेच्या जागी आपले निरीक्षण

दर तासाला दोन्ही बाजूंची पातळी बर्फाने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पाहा. आधी हातावर लावून "इथे जसं गार लागतं तसंच पोटावर लागतं का" असे विचारले तर उत्तर नेमके मिळते. पायांची ताकद ब्रोमेज मापनाने मोजतात, पण या मापनाच्या दोन उलट्या आवृत्त्या प्रचलित आहेत. एकीत शून्य म्हणजे पूर्ण ताकद, तर दुसरीत आकडा वाढेल तशी ताकद जास्त. म्हणून आकड्यासोबत "दोन्ही गुडघे पूर्ण वाकतात" असे शब्दांतही लिहावे.

लघवी दर दोन-तीन तासांनी विचारा आणि ओटीपोट हाताने पाहा. तुंबलेल्या मूत्राशयामुळे बाळाचे डोके खाली सरकत नाही आणि प्रसूतीनंतर रक्तस्रावही वाढू शकतो. टाचा आणि माकडहाड तासातासाने मोकळे करा. नातेवाईक मायेने कमरेला गरम पाण्याची पिशवी लावू पाहतात, ती अजिबात लावू देऊ नये. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच सगळ्यांना समजते. तापमानही घेत राहा: एपिड्युरल बराच वेळ चालल्यावर काही बायकांना ताप येतो, पण तो एपिड्युरलचाच आहे असे परस्पर ठरवू नये. संसर्ग नाही हे डॉक्टरांनी पाहायचे असते.

चांगला आराम असताना मध्येच दुखू लागले, तर क्रमाने पाहा: पंप चालू आहे का, लाइन निसटली किंवा दुमडली आहे का, कॅथेटरची खूण बदलली का, मूत्राशय भरले आहे का, तोंड पूर्ण उघडले आहे का. एकाच बाजूला दुखत असेल तर ती बाजू खाली करून झोपवायला अनेक भूलतज्ज्ञ सांगतात. फिल्टर कॅथेटरपासून सुटला असेल तर तो स्वतः परत जोडू नये. टोक निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळून पंप थांबवावा आणि कळवावे. आधी सिझेरियन झालेल्या बाईला कळांच्या मध्येही सतत दुखू लागले, किंवा वारंवार बोलस देऊनही वेदना डोके वर काढत असेल, तर गर्भाशयाचा जुना टाका उसवतो आहे का, याचा विचार आधी करावा आणि बाळाचे ठोके लगेच पाहावेत.

८. तीन आणीबाणीचे प्रसंग

औषध रक्तात गेले तर तोंडाभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, बरळणे किंवा एकदम गुंगी, आणि पुढे झटके किंवा हृदयाच्या तालात बिघाड होतो. पंप बंद करा, मदत बोलवा, ऑक्सिजन द्या आणि लिपिड मागवा. सुरुवातीची मात्रा किलोला १.५ मिलि आणि त्यानंतर मिनिटाला किलोमागे ०.२५ मिलि, म्हणजे ६० किलोच्या बाईला आधी ९० मिलि आणि मग मिनिटाला १५ मिलि. प्रोपोफॉल हे भुलीचे औषधही पांढरे दिसते, म्हणून ते लिपिडच्या जागी चालत नाही. हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देताना एकीने गर्भाशय हाताने डावीकडे सरकवून धरावे. चार मिनिटांत प्रतिसाद नसेल तर जागेवरच शस्त्रक्रियेने बाळ बाहेर काढण्याचा निर्णय घ्यायचा असतो, म्हणून त्या शस्त्रक्रियेचा संच त्याच खोलीत हवा.

औषध फार वर चढले तर बोटांना मुंग्या येतात, हाताची पकड सैल होते, आवाज पुटपुटल्यासारखा येतो, रक्तदाब आणि नाडी उतरतात. "माझा हात घट्ट दाबा" ही चाचणी दोन सेकंदांत होते, ती दर तपासणीत करावी.

तिसरा प्रसंग नंतरचा: पायांतली ताकद परत न येणे. शेवटच्या मात्रेनंतर चार तासांनी बाईला प्रत्येक पाय सरळ उचलता आला पाहिजे. येत नसेल तर "औषध अजून उतरायचंय" म्हणून सकाळपर्यंत थांबू नये, कारण कण्यात रक्त साचले असेल तर तिथे काही तासांचाच अवधी असतो.

९. दुसरी अवस्था आणि सिझेरियनची वेळ

तोंड पूर्ण उघडले की "जोर नीट लावता यावा" म्हणून पंप बंद करण्याची सवय काही ठिकाणी आहे. ब्रिटनमधील नाइस या आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एपिड्युरल वार पडून टाके पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावे. जोर कधी लावायचा हे पोटावर हात ठेवून कळ ओळखून तुम्ही सांगा. लगेच सुरू करायचे की डोके खाली येईपर्यंत थांबायचे हे प्रसूतितज्ज्ञ ठरवतील.

सिझेरियन ठरले तर भूलतज्ज्ञांना चार गोष्टी सांगा: पातळी कुठपर्यंत, शेवटचा बोलस किती वाजता, कॅथेटरची खूण कितवी, आणि आतापर्यंत आराम दोन्ही बाजूंना सारखा होता का. शेवटची गोष्ट कुणी विचारत नाही, पण टेबलावर ते एपिड्युरल पुरेल की नाही हे तीवरूनच कळते.

१०. कॅथेटर काढणे आणि घरी पाठवणे

कॅथेटर काढण्याआधी रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनची वेळ पुन्हा पाहा. एनॉक्सापॅरिनच्या प्रतिबंधक मात्रेनंतर १२ तासांनी काढावे आणि काढल्यावर पुढची मात्रा किमान ४ तासांनी द्यावी. बाईला टाकतानाच्या स्थितीत वाकवून हलक्या हाताने ओढा. अडले तर जोर न लावता भूलतज्ज्ञांना बोलवा. टोक अखंड आहे हे पाहून तसे लिहा. पहिल्यांदा उभी करताना दोघी असाव्यात. सहा तासांत लघवी झाली का आणि किती झाली, याची नोंद हवी.

बसले की वाढणारी आणि आडवे झाले की थांबणारी डोकेदुखी ड्युराला छिद्र पडल्याची खूण असू शकते, आणि ती बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होते. मुंबईतल्या बऱ्याच बाळंतिणी डिस्चार्जनंतर थेट माहेरी, कोकणात किंवा घाटावर जातात, जिथल्या डॉक्टरांना एपिड्युरल दिल्याचे ठाऊकच नसते. डिस्चार्ज कार्डावर एपिड्युरल दिल्याची तारीख ठळक लिहा. डोकेदुखी, पाठीत वाढत जाणारे दुखणे, ताप, पायाला नवीन बधिरपणा किंवा लघवीवर ताबा नसणे यांपैकी काहीही झाले तर दाखवायचे, हे तिला आणि तिच्या आईला दोघींना सांगा. रुग्णालयाचा चोवीस तास लागणारा फोन नंबर कार्डावर लिहून, तो तिच्याच मोबाइलमध्ये सेव्ह करून मगच कार्ड तिच्या हातात द्या.